तेरा वर्षांचा गोलरक्षक: उंची, जागा आणि सामने

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपला मुलगा तेरा वर्षे पूर्ण झालेला असून डिचोली तालुक्यातील गावच्या क्लबकडून आणि शाळेकडून गोलरक्षक म्हणून खेळतो. यंदा तो पंधरा वर्षांखालील संघात गेल्यापासून त्याच्या डोक्यावरून बरेच गोल झाले, प्रशिक्षकांनी त्याच्या जागी एका उंच मुलाला उभे करायला सुरुवात केली, आणि आता त्याला बचावफळीत खेळवावे की वर्षभराच्या खास गोलरक्षक शिबिराला पाठवावे, असा विचार घरात चालू आहे. त्याची उंची पाच फुटांना थोडी कमी आहे आणि सामन्यानंतर तो रडतो, असेही आपण लिहिले आहे. गोव्यातील कनिष्ठ वयोगटांच्या गोलरक्षकांना मी अनेक वर्षे शिकवत आलो आहे. माझे उत्तर असे की त्याची जागा इतक्यात बदलू नये, शिबिराचीही घाई करू नये, आणि येत्या हंगामात किती गोल झाले हे मोजण्याऐवजी प्रत्येक फटक्याच्या क्षणी तो कोठे आणि कसा उभा होता, हे पाहावे.

डोक्यावरून झालेल्या गोलांचा बराचसा दोष गोलपोस्टच्या मापाकडे जातो. मोठ्यांच्या फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो, आणि आपल्याकडे तेरा-चौदा वर्षांची मुले त्याच गोलात उभी राहतात. इंग्लंडमध्ये बारा वर्षांखालील गटातील मुले नऊ-नऊ जणांचा खेळ खेळतात आणि त्यांचा गोल ४.८८ मीटर रुंद व २.१३ मीटर उंच असतो. तेथील मूल टप्प्याटप्प्याने मोठ्या गोलाकडे जाते, तर आपल्याकडील मुलाला ही वाढ बहुधा एकाच हंगामात सोसावी लागते. दीड मीटर उंचीच्या मुलाचा हात वर केल्यावर साधारण दोन मीटरपर्यंत पोहोचतो. उडी मारूनही क्रॉसबारखालची, म्हणजे गोलाच्या वरच्या आडव्या दांडीखालची, पट्टी मोकळीच राहते. तेथून चेंडू आत गेला तर त्या मुलाला गोलरक्षण जमत नाही, असा निष्कर्ष निघत नाही.

मात्र याच मापांतून एक उपायही निघतो, आणि तो प्रत्येक लहान चणीच्या गोलरक्षकाला कागदावर आकृती काढून समजावला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. फटका मारणारा खेळाडू गोलासमोर बरोबर मध्ये, ११ मीटरवर म्हणजे पेनल्टीच्या ठिपक्याजवळ आहे असे धरा. गोलरक्षक रेषेवरच थांबला, तर त्याला ७.३२ मीटरची सगळी रुंदी राखायची असते. तोच तीन मीटर पुढे आला, तर त्या ठिकाणी चेंडू आणि दोन्ही खांब यांना जोडणाऱ्या रेषांमधील अंतर सुमारे ५.३ मीटर उरते. म्हणजे प्रत्येक बाजूला जवळजवळ एक मीटर कमी झाला. उंचीचेही तसेच आहे. क्रॉसबारच्या अगदी खालून जाणारा जोरदार फटका रेषेवर २.४४ मीटर उंचीवर असला, तरी तीन मीटर अलीकडे तो पावणेदोन ते दोन मीटर उंचीवरून जात असतो, आणि तेथे आपल्या मुलाचा हात पोहोचतो. त्याच्या डोक्यावरून हळूच उचललेला चेंडू मात्र जाऊ शकतो. पण तसा चेंडू उचलायला फटका मारणाऱ्याला मान वर करून पाहावे लागते, पाय चेंडूखाली न्यावा लागतो आणि त्यासाठी मोकळा वेळ लागतो. बचावपटू अंगावर आलेला असताना हा वेळ मिळत नाही. म्हणून चेंडूवर दबाव असेल तेव्हा पुढे यायचे, आणि समोरचा खेळाडू मोकळा असून वर पाहत असेल तेव्हा एक-दोन पावले मागे राहायचे. ही निवड उंचीवर अवलंबून नाही. ती शिकवता येते, आणि शिकण्यासाठी तेरा हे वय अगदी योग्य आहे.

रेषेवरून पुढे येताना चेंडू आणि गोलाचा मध्यबिंदू यांना जोडणाऱ्या रेषेवर राहणे ही पुढची पायरी. सरावात मी चेंडूपासून दोन्ही खांबांपर्यंत लांब दोरी ताणतो आणि मुलाला त्या त्रिकोणात उभे करतो. मग चेंडू डावीकडे-उजवीकडे हलवून, मागे न पाहता मध्यरेषा पकडायला सांगतो. दोन खुंट्या आणि दोरी एवढ्यावर हा सराव घराच्या अंगणातही होतो. सुरुवातीला पाच मीटर अंतरावर शंकू ठेवून लहान गोल करावा आणि काही महिन्यांत तो वाढवत न्यावा.

जागेनंतर येते स्थिरता. ताशी ८० किलोमीटर वेगाचा फटका ११ मीटर अंतर अर्ध्या सेकंदात कापतो, आणि त्यातील पाव सेकंदाच्या आसपास वेळ डोळ्याने पाहून शरीराला हुकूम देण्यातच जातो. त्या क्षणी मुलाचे पाय चालते असतील, तर आधी थांबणे आणि मग दुसऱ्या दिशेने जाणे अशी दोन कामे त्याला करावी लागतात, आणि तेवढ्यात चेंडू जाळ्यात असतो. समोरच्याचा पाय चेंडूला लागण्याच्या किंचित आधी दोन्ही पाय खांद्याइतक्या अंतरावर टेकलेले, वजन तळपायाच्या पुढच्या भागावर, हात कमरेपुढे आणि डोके स्थिर, या अवस्थेला आम्ही सेट होणे म्हणतो. पुढे येताना जागा आदर्श नसली तरी फटक्याच्या वेळी सेट झालेला गोलरक्षक आदर्श जागेकडे धावत असलेल्या गोलरक्षकापेक्षा जास्त चेंडू अडवतो. प्रेक्षकांच्या टाळ्या लांब झेपेला मिळतात, परंतु कनिष्ठ सामन्यांत मी पाहिलेल्या अशा झेपांपैकी बऱ्याच झेपांची, दोन पावले आधी नीट पडली असती, तर गरजच नव्हती.

आपल्याला खरोखर मदत करायची असेल, तर सामन्याच्या वेळी गोलाच्या मागे थोडे बाजूला उभे राहावे आणि प्रत्येक फटक्यासाठी तीनच गोष्टी वहीत टिपाव्यात: तो मध्यरेषेवर होता का, त्याचे पाय थांबले होते का, आणि चेंडू हाताला लागल्यावर तो कोठे गेला. गोल झाला की नाही हे लिहूच नये. तीन-चार सामन्यांनंतर त्या नोंदींतून काय शिकवायचे ते आपोआप दिसते, आणि प्रशिक्षकांशी बोलतानाही तक्रारीऐवजी निरीक्षण हाताशी असते.

झेप घेण्याविषयी आपण विचारलेले नाही, तरी आपल्या मैदानांमुळे त्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे. जांभ्या दगडाच्या, लाल मातीच्या कडक मैदानावर एखादे मूल चुकीच्या पद्धतीने पडले, की त्याचे कोपर किंवा कमरेचे हाड दुखावते. मग पुढचे कित्येक महिने ते झेप घेण्याऐवजी पाय लांबवते, आणि ही भीती घालवणे मूळ कौशल्य शिकवण्यापेक्षा अवघड असते. म्हणून क्रम पाळावा. आधी बसून, मग गुडघ्यांवर, मग उकिडवे आणि शेवटी उभ्याने. प्रत्येक टप्प्यात मांडीची बाहेरची बाजू, नितंबाची बाजू आणि खांद्याची मागची बाजू अशा क्रमाने जमीन लागावी. कोपर शरीराखाली येऊ नये आणि पोटावर पडू नये. चेंडू हातात आला असेल, तर तो जमिनीवर दाबून धरावा, म्हणजे पडण्याचा काही भार तोच घेतो. झेपेची दिशा नेहमी किंचित पुढे असावी, कारण मागे झेपावलेल्या हातातून निसटलेला चेंडू गोलातच जातो.

किनाऱ्यावरच्या वाळूत सराव करण्याची पद्धत गोव्यात सर्रास आहे. वाळू पडायला मऊ असते, म्हणून झेपेचे सुरुवातीचे टप्पे तेथे जरूर करावेत. परंतु कोरड्या वाळूत पाय रुततात आणि जमिनीला रेटून झेपावण्याची सवय बिघडते, त्यामुळे पावलांचा सराव तेथे करू नये. भातकापणीनंतर शेतात आखलेली गावोगावची मैदाने मला एका कारणासाठी फार उपयुक्त वाटतात. तेथे चेंडूचा टप्पा फसवा असतो, म्हणून जमिनीवरून येणाऱ्या साध्या चेंडूमागेही एक गुडघा वळवून पाय आडवा ठेवायची सवय लागते. पुढे सपाट मैदानावरही ती सवय टिकते आणि हातातून सुटलेला चेंडू पायांमधून जात नाही.

पावसाळ्यात, म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत, सराव बंद ठेवण्याकडे पालकांचा कल असतो. वीज चमकत नसेल आणि मैदानात पाणी साचलेले नसेल, तर ओल्या चेंडूचा सराव अवश्य करावा. ओला चेंडू प्रत्येक वेळी पकडायचा नसतो, कोणता चेंडू धरायचा आणि कोणता बाहेरच्या बाजूला ढकलायचा हे ठरवायचे असते. ढकललेला चेंडू गोलासमोरच पडला तर ती चूक, खांबाच्या बाहेरच्या दिशेने गेला तर ते काम पूर्ण. हा विवेक पावसात लवकर येतो.

क्रॉसच्या, म्हणजे मैदानाच्या बाजूने गोलासमोर उंच मारलेल्या चेंडूच्या बाबतीत मात्र मी सबुरीचा सल्ला देईन. पंधरा वर्षांखालील सामन्यात तेरा वर्षांच्या मुलाने प्रत्येक क्रॉसवर बाहेर यावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे, कारण हवेत त्याच्याशी भिडणारी मुले शरीराने त्याच्यापेक्षा दोन वर्षे मोठी असतात. सहा यार्डांच्या चौकोनात, म्हणजे रेषेपासून साडेपाच मीटरच्या आत येणाऱ्या आणि स्पष्ट दिसणाऱ्या चेंडूसाठी त्याने यावे, बाकीचे बचावपटूंवर सोडावेत. सराव हाताने फेकलेल्या चेंडूंपासून सुरू करावा, एका पायावर उडी आणि प्रतिस्पर्ध्याच्या बाजूचा गुडघा वर, आणि नंतर एखाद्या मित्राला समोर उभे करून अडथळा निर्माण करावा. येण्याचे ठरले, की ‘कीपर!’ ही हाक मोठ्याने आणि लवकर द्यावी. आपल्याकडील मुले सवयीने ‘म्हजो!’ (कोकणीत ‘माझा!’) म्हणून ओरडतात, पण तो आवाज कोणाचा हे गर्दीत कळत नाही आणि आपलाच बचावपटू मध्ये येतो.

पायांनी खेळण्याचे महत्त्व आता वादाच्या पलीकडे गेले आहे. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू हाताने धरण्यास १९९२ पासून बंदी आहे, आणि २०१९ पासून गोलकिकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या आतच सहकाऱ्याला घेता येतो. २०२५ च्या नियमबदलानंतर गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त काळ हातात धरला, तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो आणि शेवटची पाच सेकंदे पंच हात वर करून मोजतात. म्हणून दर आठवड्यातील सरावाचा मोठा भाग त्याने इतर मुलांबरोबर मैदानात खेळूनच करावा, आणि शाळेच्या किंवा गावच्या साध्या सामन्यांत कधी बचावपटू, कधी मधल्या फळीत खेळावे. बचावफळीत खेळवण्याचा आपला विचार या मर्यादेत मला पूर्ण मान्य आहे. तेथून तो गोलरक्षकाच्या समोरचा खेळ समजून घेईल.

उंचीबद्दल आपण जी काळजी व्यक्त केली आहे, तिला आज निश्चित उत्तर नाही आणि कोणी ते देत असेल तर विश्वास ठेवू नये. मुलांमधील वाढीचा सर्वांत वेगवान काळ बहुधा तेराव्या-चौदाव्या वर्षी येतो, परंतु तो दीड-दोन वर्षे आधी किंवा नंतर येणेही सामान्य आहे. ज्या उंच मुलाला आज संधी मिळते आहे, त्याची वाढ कदाचित लवकर झाली असेल. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जात असेल, तर जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांमध्ये जवळजवळ एक वर्षाचा फरक असूनही ती एकाच गटात येतात. लोंबकळून किंवा पावडरी पिऊन उंची वाढत नाही. पुरेशी झोप आणि भात, मासळी, अंडी, कडधान्ये, नाचणी असे घरचे जेवण पुरे आहे. वाढ वेगाने होत असताना हातापायांची लांबी बदलते आणि काही महिने मूल अवघडल्यासारखे दिसते, आधी जमलेले झेल सुटतात. त्या काळात त्याला रागावू नये. याच वयात गुडघ्याच्या खालच्या उंचवट्यावर किंवा टाचेच्या मागे दुखणे सुरू होऊ शकते, कारण स्नायूबंध जेथे जोडलेले असतात ते वाढीचे भाग ताणले जातात. अशा वेळी उड्या आणि झेपा कमी कराव्यात, आणि मनगट दुखत असेल तर दुखणे वाढण्याची वाट न पाहता लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आपल्या नातेवाइकांचे म्हणणे आहे की गोलरक्षकाला गोव्यात भविष्य नाही. साळगावकर क्लबचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झाले आणि १९९७ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, ते गोलरक्षकच होते. अधिक जवळचे उदाहरण हवे असेल तर २० मार्च २०२२ चा, फातोर्डा येथे झालेला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना आठवावा. हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स यांची १-१ अशी बरोबरी झाल्यावर पेनल्टींवर निकाल लागला, आणि गोव्यात घडलेले लक्ष्मीकांत कट्टीमनी यांनी त्यांतील तीन पेनल्टी अडवून हैदराबादला विजेतेपद मिळवून दिले. तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. ज्या वयात अनेक आघाडीपटू उताराला लागतात, त्या वयात गोलरक्षक परिपक्व होतो. तेराव्या वर्षी त्याच्याबद्दल अंतिम निर्णय घेणे म्हणजे लावणी झाल्याबरोबर पीक मोजण्यासारखे आहे.

यावरून राखीव बाकाचा मुद्दा आला, आणि माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर बाब हीच आहे. गोलरक्षकाला निर्णय घ्यायला केवळ सामना शिकवतो. पुढे यायचे की थांबायचे, धरायचे की ढकलायचे, हाक कधी द्यायची, हे सरावात अर्धेच कळते. वर्षभर बाकावर बसलेला मुलगा सरावात कितीही चांगला दिसला तरी मागे पडतो. प्रशिक्षकांना सामन्याच्या दिवशी गाठू नये. सरावाच्या दिवशी वेळ मागून, दोन्ही गोलरक्षकांना अर्धा-अर्धा सामना किंवा आलटून-पालटून सामने देता येतील का, असे आदराने विचारावे. शक्य नसेल, तर त्याने आपल्या वयाच्या, म्हणजे खालच्या गटाच्या संघात नियमित खेळावे. वरच्या गटात बाकावर बसण्यात कसलीच प्रतिष्ठा नाही. शाळेचे सामने, सुब्रतो करंडक या शालेय स्पर्धेसाठीच्या निवड फेऱ्या, गावातील स्पर्धा, जेथे पूर्ण वेळ गोलात उभे राहता येईल तेथे त्याला पाठवावे.

सामन्यानंतर तो रडतो, याचे मला दुःख वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. आघाडीपटूने पाच संधी दवडल्या तरी एका गोलाने त्या विसरल्या जातात, तर गोलरक्षकाची एकच चूक फलकावर कायम राहते. त्याला गोल झाल्यानंतर करायची एक ठरावीक कृती द्यावी. चेंडू जाळ्यातून स्वतः काढून मध्यभागी पाठवायचा, ग्लोव्हजचे पट्टे सोडून पुन्हा बांधायचे, आणि बचावपटूंपैकी एकाला पुढच्या खेळाविषयी एक सूचना द्यायची. हात आणि आवाज कामात गुंतले, की मन गोलावर अडकून राहत नाही. आपण रेषेबाहेरून सूचना देऊ नयेत, कारण त्याने प्रशिक्षकांचे ऐकायचे, बचावपटूंशी बोलायचे की वडिलांकडे पाहायचे, हा ताण त्याच्यावर येतो. घरी परतताना गाडीत सामन्याचा विषय आपण काढू नये. त्याने काढला तर ऐकावे, आणि वहीतील नोंदी दुसऱ्या दिवशी, पोट भरलेले असताना, त्याच्यापुढे ठेवाव्यात.

खास शिबिराबाबत माझे मत असे की आठवड्यातून दोनदा, पाऊण तासाचा स्वतंत्र गोलरक्षण सराव या वयात पुरेसा आहे. बाकीचा वेळ संघाबरोबरच गेला पाहिजे. शिबिर निवडताना एक सराव स्वतः उभे राहून पाहावा. पाच मीटरवरून एकामागून एक जोरदार चेंडू मारले जात असतील आणि मुले धापा टाकत असतील, तर ती व्यायामाची मेहनत झाली. तेथे जागा आणि वेळ शिकवली जात नाही. प्रत्येक चेंडूनंतर मुलाला पुन्हा उठून सेट व्हायला वेळ मिळतो का, चेंडू खेळातल्यासारख्या वेगवेगळ्या कोनांतून येतात का, आणि शिकवणारी व्यक्ती क्लबच्या प्रशिक्षकांशी बोलायला तयार आहे का, हे पाहावे.

शेवटी ग्लोव्हज. महाग जोडी सध्या घेऊ नये, कारण हात वर्षभरात वाढतील आणि म्हापशाच्या धुळेर मैदानासारख्या कृत्रिम गवतावर तळव्याचा रबरी थर लवकर झिजतो. बोटांच्या टोकांना किंचित जागा राहील असे माप घ्यावे. बोटे ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांची या वयात गरज नाही, त्यांमुळे चेंडूभोवती बोटे वळत नाहीत. सरावासाठी एक स्वस्त जोडी आणि सामन्यासाठी दुसरी ठेवावी. खेळण्यापूर्वी तळवे पाण्याने थोडे ओले करावेत, म्हणजे पकड सुधारते. सामन्यानंतर साध्या पाण्यात चिखल धुऊन, न पिळता, सावलीत वाळवावेत. उन्हात ठेवल्यास थर कडक होऊन तडकतो, आणि ओलेच पिशवीत ठेवल्यास आपल्या पावसाळी हवेत दोन दिवसांत बुरशी धरते.